उरलेला एक चौरस मीटर

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत एका कुटुंबाची चाळीस आर जमीन आहे. खाली भाताची दोन खाचरं, वर कातळ, कडेला हापूसची चार कलमं. आजोबा वारले तेव्हा मागे तीन मुलगे होते, म्हणून जुन्या फेरफारात प्रत्येकाच्या नावापुढे 5 आणे 4 पै असा हिस्सा लिहिला गेला. पाच त्रिक पंधरा आणे, चार त्रिक बारा पै म्हणजे आणखी एक आणा, झाले सोळा. रुपया पुरा झाला, वाटणी पुरी झाली, कोणाचं काही राहिलं नाही.

आता हीच वाटणी हेक्टर, आर आणि चौरस मीटरच्या रकान्यांत भरून पाहावी. प्रत्येकाच्या वाट्याला 13 आर 33 चौरस मीटर येतात. तिघांची बेरीज 39 आर 99 चौरस मीटर. एक चौरस मीटर जमीन उरते आणि ती कोणाचीच नसते.

कागदावर हा मीटर कधी दिसलाच नसता. तलाठ्याने खातेदारांच्या नावांना एक मोठा कंस घातला असता, ‘सामाईक’ असा शेरा मारला असता आणि पान उलटलं असतं. कागद फार सोशीक असतो. संगणकाला ही सवय नाही. तो बेरीज करतो, वरच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहतो आणि जुळली नाही की सांगतो. त्याचं हे सांगणं चुकीचं नसतं, पण ते ऐकायला टेबलामागे एक माणूस बसलेला असतो, आणि तीन पिढ्या न सुटलेला प्रश्न त्या एका दुपारी त्याच्यापुढे येऊन पडतो.

तंत्रज्ञानाचा प्रकल्प आखताना त्याबरोबर संस्थेतल्या माणसांच्या कामात होणारा बदल कसा आखायचा, हा पुढच्या पानांचा विषय आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतली त्याची उदाहरणं बहुधा मोटारींच्या कारखान्यांतली किंवा परदेशी बँकांतली असतात. इथे उदाहरण घेतलं आहे ते सातबाऱ्याचं. त्याची कारणं दोन. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत, म्हणजे हा बदल ज्याच्या दारात आला नाही असं घर खेड्यात विरळा. आणि दुसरं असं की यंत्र आणणं हे या प्रकल्पातलं त्यातल्या त्यात सोपं काम होतं, हे या उदाहरणात जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

आधी शब्द स्पष्ट करून घ्यावेत. ‘सातबारा’ हा एक नमुना नाही, दोन आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 आणि तिच्या नियमांनी ठरवलेल्या गाव नमुन्यांची ही जोडगोळी: नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची हे सांगणारा, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. जमिनीच्या हक्कात बदल झाला की आधी नमुना 6 मध्ये, फेरफार नोंदवहीत, नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. हे सगळं तलाठ्याच्या दप्तरात, त्याच्याच अक्षरात. अलीकडे तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं झालं आहे. गावात त्याला अजून तलाठीभाऊच म्हणतात.

कोकणात हे दप्तर जरा जास्तच गुंतागुंतीचं आहे. इथे खोती, म्हणजे खोतामार्फत सारा वसूल करण्याची पद्धत, होती. 1880 चा खोती कायदा, खोताचं दप्तर, खोताची कुळं. मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या घराण्यातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि कायदा व्हायला 1949 साल उजाडावं लागलं. त्यानंतर कुळकायदा आला, कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला. प्रत्येक कायद्याने ‘इतर हक्क’ या रकान्यात आपापली एक ओळ ठेवून दिली. त्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता, म्हणजे मॅनेजर, म्हणून लागलेली ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं. तो कर्ता जाऊन चाळीस वर्षं झाली तरी ती तशीच. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं मुख्य रकान्याऐवजी ‘इतर हक्कात’. भाऊ मुंबईत, पुतणे बोरिवलीला नि विरारला, आणि हिस्सा दीड गुंठ्याचा.

गुंठ्यांवरून आठवलं. मोजमाप दशमान होऊन पन्नास वर्षं उलटून गेली. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक आर. फरक नावापुरता, तरी व्यवहार आजही गुंठ्यातच होतो. सरकारी कागद आर बोलतो, बाजार गुंठा बोलतो आणि दोघांचं चाललेलं असतं. नवी पद्धत आली म्हणजे जुनी आपोआप जाते असं मानणाऱ्या प्रत्येक प्रकल्प-अधिकाऱ्याने ही जोडी डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही.

जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्राची योजना 1988-89 मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. त्यानंतर राज्यभर तालुक्या-तालुक्यांत सातबारे टंकित झाले. तहसील कार्यालयात संगणकाची खोली आली आणि छापील उतारा मिळू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं की काम झालं.

झालं होतं ते एवढंच की आता सातबारे दोन होते. एक तलाठ्याच्या दप्तरात हाताने लिहिलेला आणि रोज बदलणारा. दुसरा तालुक्याच्या संगणकात, टंकला त्या दिवशी जसा होता तसा. गावात खरेदीखत झालं, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, की नोंद आधी पहिल्यावर व्हायची. दुसऱ्यावर कधी व्हायची, कधी राहून जायची. दोन घड्याळं असलेल्या घरात वेळ कोणालाच नीट माहीत नसते, तशी गत झाली. या विषयातला बहुतेक तोटा याच काळात होतो, आणि आराखड्यात नेमका हाच काळ कोरा ठेवलेला असतो. नवी पद्धत कधी सुरू होणार याची तारीख सगळे लिहितात. जुनी कोणत्या दिवशी बंद होणार आणि बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे लिहायला कोणी धजत नाही.

शेजारी कर्नाटकात ती तारीख लिहिली गेली. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 2001 च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्प तिथल्या 177 तालुक्यांत पोचला. सुमारे दोन कोटी नोंदी, 67 लाख खातेदार. निपाणी-खानापूरच्या मराठी शेतकऱ्यालाही आपला उतारा तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत मिळू लागला. खिडकीवर संगणकाचे दोन पडदे ठेवले होते. दुसऱ्याचं तोंड शेतकऱ्याकडे, म्हणजे आत काय टंकलं जातंय ते त्याला दिसावं. अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली निघत, मधला अर्ज वर घेण्याची सोय कारकुनाला नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तालुक्यात भूमी सुरू झाली की हस्तलिखित उताऱ्याची वैधता संपत असे. ग्रामलेखपालांना हे आवडलं नाही. आवडणार कसं? उतारा देण्याचं काम त्यांच्या हातून गेलं होतं, आणि त्या कामाबरोबर गावातलं वजनही. पण कोणाचं काय जाणार हे चावलांच्या आराखड्याला आधीपासून ठाऊक होतं, ही त्यातली शिकण्याजोगी गोष्ट.

बदल-व्यवस्थापन ही विद्या परदेशी असली तरी तिचं एक मूळ शेतातच आहे. 1943 मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली पाहणी प्रसिद्ध केली, ती शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं याची. बियाण्याची बातमी सर्वांत जास्त शेतकऱ्यांना विक्रेत्याकडून कळली होती. पेरायचं ठरवताना सर्वांत जास्त वजन पडलं ते शेजाऱ्याचं. आयोवातल्याच शेतकरी घरात वाढलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी पुढे 1962 मध्ये या धाग्यावर अख्खं पुस्तक उभं केलं. त्याआधी 1947 मध्ये कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने बदलाच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: वितळवा, बदला, पुन्हा गोठवा. कोकणातल्या माणसाला बर्फापेक्षा चिखल जवळचा. त्याच्या भाषेत सांगायचं तर आधी चिखलणी, मग लावणी आणि मग रोपाने मूळ धरेपर्यंत पाण्याची राखण. प्रकल्पांचा पैसा आणि फोटो लावणीच्या दिवशी खर्च होतात. चिखलणीला कोणी पाहुणा बोलावत नाही.

महाराष्ट्राची चिखलणी उशिरा झाली, पण झाली. 2008 मध्ये केंद्राने जमीन अभिलेखांचा राष्ट्रीय कार्यक्रम नव्याने आखला, आणि त्याखाली पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने ई-फेरफार हा प्रकल्प हाती घेतला. कल्पना अशी की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट तलाठ्याच्या संगणकात यावी, फेरफार तिथेच तयार व्हावा, पंधरा दिवसांचं घड्याळही यंत्रानेच लावावं. ऐकायला सरळ. पण सातबाऱ्यावरची बेरीजच जुळत नसेल तर त्यावर नवा फेरफार बसवायचा कुठे?

इथे पहिल्यांदा कळलं की अडचण यंत्राची नाही, शंभर वर्षांच्या कागदाची आहे. एकरातून हेक्टरात नेताना झालेल्या चुका. पोटहिस्सा मोजलाच नाही, तरी विकलेला तुकडा. मेलेल्यांची नावं, एकाच माणसाची तीन खाती. हे सगळं तलाठ्याने दुरुस्त करायचं होतं, तेही नेहमीची कामं सांभाळून: दाखले, पंचनामे, निवडणुका, टंचाई. सर्व्हर दिवसा मंद चालायचा म्हणून रात्री जागून नोंदी भरणारे तलाठी त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत होते. लॅपटॉप, प्रिंटर, नेटजोडणी मिळावी म्हणून त्यांच्या संघटनेने आंदोलनंही केली. वर्तमानपत्रांतून त्याचं वर्णन ‘संगणकाला विरोध’ असं झालं. ते अर्धसत्य होतं. ज्याच्या डोक्यावर दुप्पट काम आणि दुप्पट जबाबदारी येते त्याने साधनं मागितली, तर त्याला विरोधक ठरवणं सोपं असतं; पण आराखड्यात ती साधनं आणि ते तास का धरले नव्हते, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

बँकांचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 मध्ये व्यवस्थापनाशी करार केला, तेव्हा कुठे किती यंत्रं बसवायची याच्या मर्यादा कागदावर आल्या, आणि शाखांत पुढे जी यंत्रं आली त्यांना संगणक न म्हणता ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ म्हटलं गेलं. नाव लांबलचक, पण त्यात लेजर हा ओळखीचा शब्द होता. वाटाघाटींत वेळ गेला हे खरं. तरी करार झाल्यावर निदान काय गमवायचं नि काय नाही हे कारकुनाला माहीत होतं. तलाठ्यांशी असा करार कोणी केला नाही.

वारणेची गोष्ट याच्या उलट टोकाची. कोल्हापूर-सांगलीतल्या वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत 1998 मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. शेतकरी बाजारभाव बघेल, पीकसल्ला घेईल अशी स्वप्नं होती. प्रत्यक्षात त्या संगणकांवर मुख्यतः उसाच्या तोडणीचा आणि वजनाचा हिशेब चालला, म्हणजे साखर कारखान्याचं जुनंच काम. काही वर्षांनी सात गावांत संशोधकांनी संगणकाच्या जागी मोबाइलवरच्या संदेशांचा प्रयोग करून पाहिला आणि त्या कामाला तेवढं पुरलं. शेतकऱ्याला काय हवंय हे आधी विचारलं असतं, तर बराच खर्च वाचला असता असं म्हणायला जागा आहे.

परत सातबाऱ्याकडे. 2017 च्या मे महिन्यात राज्याने चावडी वाचनाची मोहीम काढली. गावकऱ्यांना जमवायचं, संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा, आणि ज्याची हरकत असेल त्याची तिथेच नोंद घ्यायची. सगळ्या प्रकल्पात शहाणपणाची म्हणावी अशी ही कृती, आणि तिच्यात नवं तंत्रज्ञान नावालाही नव्हतं. मे महिना कोकणाच्या पथ्यावर पडणारा. चाकरमानी आंब्याच्या दिवसांत गावी असतो. जुलैत वाचन ठेवलं असतं तर रिकाम्या ओटीला ऐकवावं लागलं असतं. मोठ्याने वाचल्यावर काय होतं? ‘इतर हक्कात’ पडलेल्या बहिणीचं नाव माहेरच्या चावडीत ऐकू येतं. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला होता, पण तो हक्क आपल्या सातबाऱ्यावर कुठे बसलाय हे कितीतरी जणींना पाहायला मिळालंच नव्हतं.

वाचनानंतर दुरुस्तीसाठी आज्ञावलीत ‘रि-एडिट’ची सोय आली. बेरीज न जुळणारे सातबारे वेगळे काढून दाखवणारे अहवाल आले. संहितेच्या कलम 155 खाली लेखनदोष दुरुस्त करण्याचे आदेश तहसीलदारांनी काढायचे, तलाठ्याने ते अमलात आणायचे आणि गावाचं काम पूर्ण झाल्याची घोषणापत्रं लिहून द्यायची. मगच 1 मे 2018 रोजी डिजिटल सहीचा सातबारा लोकांसमोर आला. आज तो पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. क्रम मात्र उलटा झाला. आधी टंकन, मग वाचन, मग दुरुस्ती. वाचन पहिल्यांदा झालं असतं तर तीच चूक दोनदा टंकली गेली नसती, हा या सगळ्या प्रवासाचा सर्वांत महागडा धडा म्हणावा लागेल.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा झोपवून गेलं. राज्याने फळबागांसाठी मदत वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली. देशावर हा आकडा मोठा दिसतो. कोकणात त्याचा अर्थ गुंठ्याला पाचशे रुपये. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, आणि टाळेबंदीमुळे गावी येणं मुश्कील. पैसे एकाच्या खात्यात जायचे तर बाकीच्यांची संमतिपत्रं हवीत. नारळ-सुपारीसाठी पुढे झाडामागे मदत देण्याचा निर्णय घ्यावा लागला. संगणकीकरणामुळे हा घोळ झाला असं कोणी म्हणू नये. पण क्षेत्र हाच एकमेव रकाना धरून बनवलेली पद्धत, जिथे माणूस संपत्ती झाडांत मोजतो तिथे, कशी अडखळते ते यातून दिसतं. नमुना बनवणारे ज्या मुलखात बसतात त्या मुलखाचं पीक नमुन्यात उगवतं.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या मदतीने बनलेल्या ॲपमधून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नमुना 12 भरायचा. या बदलाचं वर्णन ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ अशा घोषणेने झालं. घोषणा आकर्षक आहे. तिच्या पोटात मात्र एक साधी गोष्ट आहे: जे काम कालपर्यंत पगारी माणसाचं होतं ते आजपासून बिनपगारी माणसाचं झालं. ते चुकीचंच आहे असं नाही. स्वतःचं पीक स्वतः नोंदवण्यात मान आहे, आणि पूर्वीची पाहणी चावडीत बसूनही होत असे हे कोणी नाकारणार नाही. पण बागेच्या टोकाला रेंज नसलेल्या सत्तरीच्या काकूंनी, किंवा कलमं कराराने दुसऱ्याला दिलेल्या मुंबईकराने, हे कसं करायचं? एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ॲपमध्ये आहे, पुढे मदतीला सहायकही नेमले गेले. ही ठिगळं चांगली आहेत. ती पहिल्या दिवशी कापडातच विणलेली असती तर ठिगळं म्हणावी लागली नसती.

रुग्णालयात केसपेपर जाऊन पडदा येतो, सहकारी पतपेढीत खतावणी जाऊन कोअर बँकिंग येतं, एसटीच्या वाहकाच्या हातात तिकिटांच्या पेटीऐवजी यंत्र येतं. अशा प्रत्येक ठिकाणी आराखडा करणाऱ्याने यंत्राच्या किमतीआधी काही साधे प्रश्न लिहून काढावेत, असं या प्रस्तावनेचं म्हणणं आहे. कालपर्यंत हे काम कोण करत होता, आणि त्यातून पगाराखेरीज त्याला काय मिळत होतं, मान, वजन, सवड, चहा? उद्या ते कोणाच्या गळ्यात पडणार? जुन्या कागदात जे दबून राहिलं होतं ते वर आल्यावर ते निस्तरायला माणसं किती आणि दिवस किती? जुनी वही कोणत्या तारखेला बंद, आणि त्या कागदावर सही कोणाची? सल्लागार कंपन्यांच्या सादरीकरणात प्रशिक्षणाचे तास असतात, जागृतीची भित्तिपत्रकं असतात. हे चार प्रश्न शोधूनही सापडत नाहीत.

पुढची पानं वाचायला घेण्याआधी वाचकाने एक छोटं काम करावं. आपल्या गावचा सातबारा काढावा. पंधरा रुपये लागतील. खातेदारांच्या नावांपुढची क्षेत्रं कागदावर मांडून त्यांची बेरीज करावी आणि ती वरच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहावी. लेखनातली चूक निघाली, तर कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो.